करवंटीतले वीस चिंचोके

मृगाचा पाऊस लागून आठवडा उलटला की वेंगुर्ल्याच्या बाजूच्या आमच्या गावात संध्याकाळ दुपारीच उतरते. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असल्यामुळे होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या असतात, कुठेतरी तारेवर झावळ पडून वीज गेलेली असते, आणि पडवीत बसलेल्या माणसांना एकमेकांशी बोलत राहण्यावाचून दुसरे काही सुचत नाही. अशाच एका संध्याकाळी माझ्या १५ वर्षांच्या भाचीने विचारले, “आत्या, ज्या खेळात आपणच गोष्टीतली माणसं होतो, तो खेळ आपल्याला मराठीत खेळता येईल का?” परदेशातली मुले तो खेळताना तिने मोबाइलवर पाहिली होती. मी मुंबईत नोकरीला असताना तो काही वर्षे नेमाने खेळले होते आणि गावी परतल्यावर तो कायमचा सुटला असे धरून चालले होते. तिच्या प्रश्नाने मी पुन्हा त्याच्याकडे वळले, आणि आमच्या पडवीला साजेशी, सोपी आणि मजेची नियमावली शोधण्यात माझे दोन पावसाळे गेले.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांना तो समजावून सांगण्यासाठी मला आजवर दशावताराइतका चांगला दाखला सापडलेला नाही. जत्रेच्या रात्री देवळापाशी उभ्या राहणाऱ्या दशावतारी नटाच्या हाती संवादांची वही नसते. आज कोणते आख्यान लावायचे आणि त्यात कोणी कोणते पात्र घ्यायचे एवढे ठरते, आणि मग राजा झालेला नट आणि राक्षस झालेला नट समोरासमोर येऊन आपापल्या पात्राच्या स्वभावाला धरून तिथल्या तिथे बोलू लागतात. पखवाज आणि पेटी त्यांच्या बोलण्याच्या मागोमाग चालतात. भूमिकांच्या या खेळातही तसेच होते. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग उभा करतो: रात्र आहे, देवराईच्या तोंडाशी तुम्ही चौघे उभे आहात, आत कोणीतरी घंटा वाजवते आहे. बाकीचे आपापले पात्र आता काय करणार ते सांगतात आणि गोष्ट पुढे सरकते. मात्र दशावतारात संकासुर मारला जाणार हे आईच्या मांडीवर पेंगणाऱ्या पोरालासुद्धा ठाऊक असते, आणि आमच्या खेळात राक्षस मरेल की आम्ही, हे सूत्रधारालाही ठाऊक नसते व असता कामा नये. तिथे बसलेल्या कोणीही जे आपल्या मर्जीने ठरवू नये, ते ठरवण्यासाठी फासा असतो, आणि फाशाने नेमके काय ठरले ते सांगण्यासाठी नियम असतात. नियमांचे एवढेच काम आहे असे मी मानते, आणि ते काम नीट होते की नाही यावरच सारी रात्र रंगते किंवा विटते.

पहिल्या पावसाळ्यात मी सुरुवात केली ती मला येत होते त्यापासून, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्सपासून. या साऱ्या खेळांचे मूळ तिथेच आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा या राज्यांत टेबलावर छोटी सैन्ये मांडून लढाया खेळणारी मंडळी होती; त्यांच्यातल्याच गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला. १९७४ मध्ये तो प्रथम छापला गेला तेव्हा एका डब्यात तीन लहान पुस्तिका एवढाच त्याचा पसारा होता आणि पहिल्या छपाईच्या १००० प्रती निघाल्या होत्या. पुढे तो वाढत गेला. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीचे केवळ खेळाडूंसाठीचे पुस्तक ३२० पानांचे आहे, आणि सूत्रधाराला त्याखेरीज आणखी दोन जाडजूड पुस्तके जवळ ठेवावी लागतात.

आमच्या पडवीत मला धरून पाच जण होते. भाची, तिचा ११ वर्षांचा भाऊ, शेजारची ९ वर्षांची मुलगी, आणि त्या मुलीचा मामा, जो ट्रॉलरवर खलाशी आहे आणि बंदीच्या दिवसांत जाळी दुरुस्त करत आमच्याकडे येऊन बसतो. आम्ही पात्रे तयार करायला घेतली. प्रत्येकाचे ६ गुण, प्रत्येक गुणाचा एक आकडा, त्यातून १० वजा करून उरलेल्याचे निम्मे केले की निघणारा दुसरा आकडा, १८ कौशल्ये, १२ वर्गांतून निवडायचा एक वर्ग, चिलखताचा निराळा हिशेब. मेणबत्तीच्या उजेडात मी चौघांचे कागद भरत होते आणि चौघे माझ्या हाताकडे पाहत होते. तीन तास झाले. भाचा सतरंजीवरच झोपी गेला, आणि खलाशाने जाळ्याची गाठ मारता मारता अगदी मनापासून विचारले, “ताई, खेळ केव्हा सुरू होतलो?”

त्या खेळाला मी दोष देत नाही. पात्र घडवण्यातच ज्यांना गोडी आहे, तीच मंडळी दर आठवड्याला वर्षभर ज्यांना भेटते आणि इंग्रजी पुस्तक ज्यांना सहज वाचता येते, त्यांना ती ३२० पाने म्हणजे भरलेले कोठार वाटेल, आणि मुंबईत मलाही तसेच वाटत असे. पण आमच्या पडवीत ती पाने एकटीच्या माझ्या डोक्यात होती. मुलांनी काहीही करायचे म्हटले की ती माझ्या तोंडाकडे बघत, कारण ते चालते की नाही हे फक्त मला ठाऊक होते. दशावतारी नटाने प्रत्येक वाक्य बोलण्याआधी पडद्यामागे जाऊन कोणाला तरी विचारून यायचे ठरवले, तर त्या नाटकाचे काय होईल, तेच आमच्या खेळाचे झाले.

त्या दिवसांत मला सारखी सावंतवाडीची गंजिफा आठवत होती. दशावतारी गंजिफेत १० अवतारांचे १० रंग आणि प्रत्येक रंगाची १२ पाने, अशी १२० गोल पाने असतात. त्यांत राजा आणि प्रधान ही दोन चित्रांची पाने आणि बाकीची एक्क्यापासून दश्शीपर्यंतची. त्यातही निम्म्या रंगांत दश्शी वरचढ आणि निम्म्या रंगांत एक्का वरचढ. हे असे लिहून दाखवले तर कोणालाही अवघड वाटेल, पण ज्या घरांत गंजिफा खेळली जाई तिथल्या मुलांना ती कोणी मुद्दाम शिकवत नसावे. मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून बसता बसता ती अंगात मुरत असणार. आज ती सुंदर पाने काचेच्या चौकटीत भिंतीवर जातात, कारण शेजारी बसवून घेणारी माणसे विरळ झाली. नियम होते तेच आहेत. म्हणून एखादा खेळ सोपा आहे का, असे मला कोणी विचारले तर मी त्याची पाने मोजत नाही; शेजारी बसलेल्या माणसाच्या डोक्यात तो किती वेळात उतरतो आणि एकदा उतरल्यावर तिथे टिकतो का, एवढेच पाहते.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. या जगात एका पानावर मावणारे खेळ आहेत, आणि त्यातला जॉन हार्पर यांचा २०१३ सालचा लेझर्स अँड फीलिंग्ज हा फारच बुद्धिमान खेळ आहे. तो अंतराळातला असला तरी त्याचा सांगाडा कुठेही बसवता येतो. प्रत्येक पात्राला २ ते ५ यांतला एकच आकडा असतो. डोके आणि यंत्रे चालवायची तर फाशावर त्याहून कमी यावे लागते, मने जिंकायची तर त्याहून जास्त. एकाच आकड्यात एका बाजूचे बळ आणि दुसऱ्या बाजूची उणीव, दोन्ही. आम्ही अंतराळयानाच्या जागी गलबत आणि यंत्रांच्या जागी तलवार घेतली, आणि दहा मिनिटांत खेळ सुरू झाला. ती रात्र मी विसरणार नाही. आतल्या खोलीत झोपलेली आई उठून दारात येऊन उभी राहावी इतके सगळे हसत होते.

दुसऱ्या रविवारी मात्र मी थकले. दार उघडले की आत काय आहे, तिथल्या माणसाला काय हवे आहे, राक्षस किती भयंकर आहे, मिळालेल्या मोत्यांनी काय विकत घेता येते, यातले फारसे काही त्या पानावर नाही, आणि पान एकच असल्यामुळे ते असणारही नाही. खेळाडूंसाठी तो पाण्यासारखा सोपा आहे. सूत्रधाराने मात्र सगळे जग श्वासागणिक रचत राहायचे. पूर्वी दशावतारी मंडळी आपले पेटारे डोक्यावर घेऊन एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेला चालत जात असत. सगळे पेटारे एकाच्याच डोक्यावर दिले असते तर ती मंडळी पुढच्या गावी पोहोचली नसती. तेव्हापासून नियमावली हातात घेतली की ती किती पानांची आहे याआधी मी पाहते की तिच्यात कोणाच्या डोक्यावर काय दिले आहे. मोठ्या पुस्तकाने आणि एका पानाने, दोघांनीही माझ्याच डोक्यावर दिले होते.

त्यानंतर टायनी डंजन आला. त्याचा सारा डोलारा एका वाक्यावर उभा आहे: सहा बाजूंचे दोन फासे टाका, कोणत्याही एकावर ५ किंवा ६ आला की जमले. परिस्थिती आपल्या बाजूची असेल तर तीन फासे, विरुद्ध असेल तर एकच. फासे घरातल्या ल्यूडोच्या आणि व्यापाराच्या डब्यांतून मिळाले. शेजारच्या ९ वर्षांच्या मुलीने पाच मिनिटांत तो नियम आत्मसात करून चहा घेऊन आलेल्या माझ्या वहिनीला समजावून सांगितला, आणि माझ्या कसोटीला ते पुरेसे होते. भाचीने वहीत मांडून दाखवले की एका फाशाने ३ पैकी १ वेळा जमते, दोन फाशांनी ९ पैकी ५ वेळा आणि तीन फाशांनी २७ पैकी १९ वेळा, म्हणजे साधारण ३३, ५६ आणि ७० टक्के. अनुकूल किंवा प्रतिकूल परिस्थितीला किती किंमत आहे हे मुलांना त्या तीन आकड्यांवरून कळले, आणि ती दिवा विझवणे, वाऱ्याची दिशा पाहणे, आधी लाच देऊन बघणे असले उपाय आपण होऊन शोधू लागली. १० वर्षांखालच्या मुलांबरोबर खेळणार असाल तर आजही मी हाच खेळ सुचवीन.

आम्ही तो सोडला तो खलाशामुळे. त्या खेळात सुरी असो की परशू, घाव सारखाच, १ चा. जवळ काय काय आहे याला तिथे फारशी किंमत नाही. किनारा सोडण्यापूर्वी बर्फ किती, डिझेल किती, तांदूळ किती हे ज्याला रोज मोजावे लागते, त्याला ती गोष्ट पोकळ वाटू लागली. एका भुयाराच्या तळाशी पोहोचल्यावर तो थांबला आणि म्हणाला, “ताई, आमी एवढे खाली उतरलो, पण दोर खंय आसा?” माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि त्याचा प्रश्न खरा होता.

मधल्या काळात डंजन वर्ल्डही करून पाहिला. दोन फाशांच्या बेरजेत पात्राच्या गुणाचा छोटासा आकडा मिळवायचा; १० किंवा अधिक आले तर पूर्ण यश, ७ ते ९ आले तर यश पण काहीतरी मोजून, ६ किंवा कमी आले तर संकट. यातला मधला टप्पा फार मोहक आहे. मिळवायचा आकडा शून्य असला तर ३६ पैकी १५ वेळा तोच येतो, आणि गोष्टीला वळण त्यानेच लागते. पण प्रत्येक वेळी ‘काहीतरी मोजून’ म्हणजे नेमके काय, हे सूत्रधाराने त्या क्षणी शोधायचे असते. ज्याला ती हातोटी आहे त्याने अवश्य घ्यावा. मला ती रात्रीच्या दुसऱ्या तासानंतर राहत नाही.

दुसऱ्या पावसाळ्याच्या सुरुवातीला मी केर्न वाचला. केर्न म्हणजे डोंगरवाटेवर खुणेसाठी रचलेली दगडांची रास. योखाई गाल यांनी २०२० मध्ये, आधीच्या इन्टू द ऑड आणि नेव्ह या दोन लहान खेळांतले सार घेऊन, तो रचला, आणि त्याची पहिली नियमावली वीस-पंचवीस पानांत संपते. त्यात तीनच गुण आहेत. प्रत्येकासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकून बेरीज लिहायची, म्हणजे आकडा ३ ते १८ यांमध्ये कुठेतरी येतो. धोक्याची वेळ आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि आपल्या गुणाइतका किंवा त्याहून कमी आकडा आला की निभावले. गुण १२ असेल तर २० पैकी १२ वेळा निभावते. मध्ये कसलीही बेरीज-वजाबाकी नाही आणि सूत्रधाराला विचारण्यासारखेही काही नाही. आपल्या कागदावरचा आकडा आणि फाशावरचा आकडा, दोन्ही आपल्याच डोळ्यांसमोर.

लढाईचा नियम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. घाव लागला की नाही यासाठी फासा टाकायचाच नसतो. घाव लागतोच, तो किती खोल, एवढे हत्याराचा फासा सांगतो आणि त्यातून चिलखत वजा होते. दोघांनी मिळून एकावर वार केला तर दोन फाशांपैकी मोठा आकडा धरायचा. आधी झिजते ती घाव चुकवण्याची ताकद, आणि क्षणभर बसून घोटभर पाणी प्यायले की ती परत येते. ती संपली की पुढचा घाव बळातून जातो, आणि मग जिवावर बेतते. याचा परिणाम असा झाला की माझा भाचा, जो डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये दिसेल त्यावर तलवार उपसत होता, तो पहिल्याच लढाईनंतर दुसऱ्या गुहेच्या तोंडाशी उभा राहून म्हणाला, “मी थंय जावचंय नाय.” मग आत कोण आहे, त्याला काय खायला आवडते, धूर केला तर तो बाहेर येईल का, यावर अर्धा तास खल झाला. लढाई महाग असली की मुले बोलू लागतात, आणि हा खेळ बोलण्याचाच आहे.

पण खलाशाला जिंकले ते खणांनी. प्रत्येक पात्राजवळ सामानाचे १० खण असतात. एक वस्तू एक खण अडवते, अवजड वस्तू दोन. दहाही खण भरले की घाव चुकवण्याची ताकद शून्यावर येते, कारण एवढे ओझे घेऊन कोणाला चपळाईने बाजूला होता येत नाही. थकव्यालाही एक खण लागतो, आणि रात्रभर निर्धास्त झोप मिळेपर्यंत तो रिकामा होत नाही. मंत्राच्या पोथीला एक खण, आणि मंत्र म्हटला की वर थकव्याचा आणखी एक. मी हे वाचून दाखवत असतानाच त्याने जाळे बाजूला ठेवले, माझ्या हातातली पट्टी घेतली आणि चारही कागदांवर दहा-दहा चौकोन आखले. त्या दिवसापासून कोणाच्या पाठीवर काय आहे, किती मशाली उरल्या आणि दोर कोणाकडे आहे, हे मी एकदाही पाहिलेले नाही. माझ्या डोक्यावरचा एक पेटारा त्याने आपण होऊन उचलला होता.

फाशांची अडचण होती. वीस त्रिकोणी बाजूंचा फासा आमच्या बाजारात मिळत नाही, आणि मागवलेला यायला त्या पावसात किती दिवस लागले असते कोण जाणे. भाचीने चिंचेच्या बरणीतून वीस चिंचोके निवडले, एकाच आकाराचे, आणि पायरीच्या दगडावर प्रत्येकाची एक बाजू घासून घासून पांढरी केली. त्या पांढऱ्या टिकलीवर तिने बारीक पेनाने १ ते २० आकडे घातले. ६ आणि ९ यांच्याखाली रेघ मारायला ती विसरली नाही. चिंचोके नारळाच्या करवंटीत घालून, वर हात धरून हलवायचे आणि न पाहता एक काढायचा. हत्याराचा आठ बाजूंचा फासा हवा असेल तर ८ हून मोठा आकडा आला की पुन्हा काढायचा. काढलेला चिंचोका लगेच परत टाकला पाहिजे, नाही तर पुढच्याची शक्यता बदलते. एका रात्री ३ चा चिंचोका सतरंजीखाली गेला आणि तासभर कोणाच्या लक्षात आले नाही. भाचीने नंतर हिशेब केला की १२ गुण असलेल्याची शक्यता तेवढा वेळ ६० टक्क्यांऐवजी ५८ टक्के होती. फरक लहान आहे, पण तेव्हापासून खेळ सुरू होण्याआधी शेजारची मुलगी वीसही चिंचोके मोठ्याने मोजते. नंतर खरा फासा आला. तो डब्यात आहे. कोणी तो मागत नाही.

केर्न निवडण्याचे आणखी एक कारण होते, आणि मराठीत खेळू पाहणाऱ्या प्रत्येकाने ते विचारात घ्यावे असे मला कळकळीने वाटते. त्याचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुला आहे: मूळ लेखकाचे श्रेय द्या आणि आपले रूपांतरही त्याच अटींवर खुले ठेवा, एवढ्यावर कोणालाही त्याचे भाषांतर करून वाटता येते. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा दस्तऐवजही जानेवारी २०२३ मध्ये अशाच खुल्या परवान्याखाली आला, पण तो शेकडो पानांचा आहे. वीस-पंचवीस पाने मात्र आम्ही पडवीत बसून मराठीत आणू शकत होतो, आणि ती आणताना खेळ आम्हाला जितका कळला तितका खेळतानाही कळला नसेल.

पहिल्या दोन गुणांना वेळ लागला नाही, बळ आणि चपळाई. तिसरा गुण मनाच्या ताकदीचा, आणि मी शाळेतल्या सवयीने इच्छाशक्ती असे लिहिले. भाचा म्हणाला की इच्छाशक्ती भाषणात असते. रात्री विहिरीजवळून एकट्याने यायचे असते तेव्हा धीर लागतो. तो शब्द तिथेच ठरला. फाशाने पार पडायच्या कसोटीला आम्ही निभाव म्हणतो, आणि “धीराचा निभाव लागला” हे वाक्य मुलांच्या तोंडी इतके रुळले की परवा गणिताच्या पेपरानंतरही ते ऐकू आले.

अडलो ते एका शब्दावर. केर्नमध्ये सूत्रधाराला जे नाव आहे त्याचा अर्थ रक्षण करणारा, राखणारा असा होतो. त्या खेळातले जग म्हणजे एक गूढ रान आणि सूत्रधार त्या रानाचा जणू रखवालदार. कोकणात जन्मलेल्या माणसाला त्यासाठी एकच शब्द सुचेल, आणि मी तो मोठ्या आनंदाने लिहिला: राखणदार. आमच्याकडे गावाची सीम राखणारा देव रात्री फेरी घालतो अशी श्रद्धा आहे. शेजारच्या आरवलीत वेतोबाला मोठमोठ्या चामडी चपला वाहतात, कारण तो रात्रभर चालतो आणि त्याच्या चपला झिजतात. इतका नेमका शब्द आपल्या मातीत तयार मिळावा याचे मला अप्रूप वाटले. मी तो वाचून दाखवला तेव्हा आतून आईचा आवाज आला, “राखणदाराचां नांव असां खेळात घेव नये गो, बाय.”

मी आधी वाद घातला. हा मान आहे, थट्टा नाही, असे मी तिला सांगितले. ती एवढेच म्हणाली की राखणदार कोणाला काय करायचे ते सांगत बसत नाही, तो फक्त बघतो आणि चुकलेल्याला वाटेवर आणतो. तू तर दर मिनिटाला बोलत असतेस. तिच्या त्या बोलण्यावर मी रात्री बराच वेळ विचार केला. सूत्रधाराविषयी इतके मोलाचे मला कोणत्याही नियमपुस्तकात वाचायला मिळालेले नव्हते. भाषांतरात आम्ही सूत्रधार हाच शब्द ठेवला, आणि मी कमी बोलू लागले.

किती कमी, ते श्रावणातल्या एका रविवारी मला दिसले. चौघे देवराईच्या आत पोहोचले होते. झऱ्याच्या तळाशी घंटा होती आणि ती वाजत होती. भाचीच्या पात्राने पाणी मागे सारण्याचा मंत्र म्हटला, आणि थकव्याचा खण भरताच तिचे दहाही खण भरले. तिच्या कागदाकडे सर्वांत आधी पाहिले ते खलाशाने. काहीतरी टाकायला हवे होते. तीन दिवसांची शिदोरी टाकावी, की मागच्या रविवारी एवढ्या कष्टाने मिळवलेली सोन्याची समई? भाचा म्हणाला, समई दोन खण अडवते, तीच जाऊ दे. भाची म्हणाली, शिदोरी टाकून आपण परत कसे जायचे ते कोणी सांगा. खलाशी म्हणाला, सोने जड आणि पोट हलके, दर्यात दोन्ही पाहिली आहेत. मी भिंतीला टेकून बसले होते, पाव तास कोणीही माझ्याकडे मान वळवली नाही, कोणी एकदाही “असे चालेल का?” असे विचारले नाही. शेवटी शेजारच्या मुलीने सुचवले की समई वडाच्या मुळाशी ठेवू आणि येताना घेऊ, आणि मग घंटेला हात लावायला तीच पुढे झाली. तिचा धीर ९. तिने करवंटी हलवली, डोळे मिटून चिंचोका काढला आणि मूठ उघडेना. कौलांवरून पागोळ्या पडत होत्या. मामाने हळूच तिची बोटे सोडवली, आणि पांढऱ्या टिकलीवर ९ होता, खाली रेघ असलेला. बरोबरीला निभावते, हे चौघांनी एकदमच ओरडून सांगितले.

आई तेव्हा उंबऱ्याशी सोलं निवडत बसली होती. आरडाओरडा थांबल्यावर तिने चारही कागद मागून घेतले, चश्मा लावून खण वाचले, मशाल, दोर, सुरी, शिदोरी, पोथी, आणि वर पाहून विचारले, “सीम वलांडून रानात जातत, आणि एकाच्याय हातात नारळ नाय?” कोणी काही बोलले नाही. खलाशी गंभीरपणे मोजू लागला की नारळ अवजड धरायचा की साधा, आणि साधाच धरावा असे ठरले.

आता चतुर्थीला मुंबईची मुले येतील. भाचीने त्यांच्यासाठी बारा कोरे कागद आखून ठेवले आहेत. प्रत्येकावर बळ, चपळाई आणि धीर यांच्या तीन रिकाम्या जागा आहेत, त्यांच्याखाली दहा खण आहेत, आणि पहिल्या खणात तिने आधीच लिहून ठेवले आहे: नारळ.